आरएमसी (रेडी मिक्स काँक्रीट) प्लांटचं धुण्याचं पाणी परत मालात, म्हणजे काँक्रीटमध्ये, वापरता येतं का? क्यूसीवाल्यांनी जरा सांगा

चाकण_क्यूसी

नमस्कार मंडळी. मी चाकण साइडला एका आरएमसी प्लांटवर क्यूसीला (क्वालिटी तपासणीला) आहे. आमच्याकडे बारा टीएम (काँक्रीट नेणाऱ्या ड्रमच्या गाड्या) आहेत, संध्याकाळी सगळ्या गाड्या परत आल्या की ड्रम धुतात, एका ड्रमला पाचशे लिटर धरा नाहीतर हजार, धुणाऱ्याच्या मूडवर आहे ते. शिवाय मिक्सर धुणं, यार्ड धुणं वेगळं. म्हणजे रोज जवळपास एक टँकर पाणी धुण्यातच जातं आणि उन्हाळ्यात तोच टँकर आम्ही विकत घेतो.

हे सगळं पाणी तीन कप्प्यांच्या सेटलिंग टँकमध्ये जातं. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, तिसऱ्यात बऱ्यापैकी नितळ पाणी येतं, वरती पांढरी साय धरते. आत्तापर्यंत ते रस्त्यावर धूळ बसवायला मारायचे, उरलं की मागच्या नाल्यात. आता मागच्या शेतकऱ्याने तक्रार केली आहे आणि प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचं (परवानगीचं) रिन्यूअल पण आलंय, त्यामुळे मालक म्हणतात सगळं पाणी बॅचिंगला (माल मिसळायला) वळवा, एक थेंब बाहेर नको. मी पीएच पट्टी बुडवली तर १२ च्या वर. प्लांट मॅनेजर म्हणतो पीएच १२ म्हणजे पाणी फेल, क्लायंटला कळलं तर माल रिजेक्ट करतील. बॅचर म्हणतो साहेब सिमेंटचंच पाणी आहे, सिमेंटमध्ये गेलं तर काय बिघडणार.

दोघांपैकी बरोबर कोण? आणि कुणी रोज वापरत असाल तर किती टक्के टाकता? एम २० पासून एम ४० ग्रेडपर्यंत (ताकदीचा) माल जातो आमचा, बहुतेक सगळा पंपाने.

जुना_बॅचर

दोघं पण अर्धे बरोबर आहेत 😄

मी नवी मुंबईत बरीच वर्षं बॅचिंगला काढलीत. पाणी वापरता येतं, अनेक प्लांट वापरतात, फक्त सांगत कुणी नाही. पण तुम्ही म्हणताय ते नितळ पाणी एक आणि ढवळलेली स्लरी दुसरी, या दोन गोष्टी आधी डोक्यात वेगळ्या करा. तिसऱ्या कप्प्यातल्या नितळ पाण्यात फक्त विरघळलेला चुना आणि थोडे अल्कली असतात. पहिल्या कप्प्यातलं ढवळून घेतलं तर त्यात सिमेंटची बारीक पूड, फ्लाय ॲश, क्रश सँडची धूळ सगळं आलं. ही बारीक पूड पाणी पिते. मग होतं काय, मालाचा स्लम्प (पातळपणाचं माप) प्लांटवर १५० मिमी दिसतो आणि साइटवर पोचेपर्यंत १०० च्या खाली, पंपवाला ओरडतो, ड्रायव्हर मागचा पाइप उघडतो आणि ड्रममध्ये पाणी सोडतो. ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) नापास होतात ते इथे होतात. शिव्या मात्र रिसायकल पाण्याला.

अजून एक, तुमचा प्लांट पाणी वजनावर घेतो ना? बहुतेक प्लांटला पाण्याचा स्केल किलोत असतो. १७० किलो मागितलं आणि तुम्ही स्लरी दिली तर स्केलला काय माहीत त्यात घन पदार्थ किती. बॅचरने ते वजा करून तेवढं साधं पाणी वाढवलं नाही तर माल घट्ट येणारच. खडी-वाळूच्या ओलाव्याचं करेक्शन जसं रोज मारता तसंच हे पण मारायचं.

गाडी धुताना पाणी कमी वापरायची युक्ती पण आहे. रिकाम्या ड्रममध्ये थोडी खडी आणि दोन-तीन बादल्या पाणी टाकून पाच-दहा मिनिटं फिरवा, खडी घासून बराचसा माल काढते, आणि ती खडी सकाळच्या पहिल्या लोडमध्ये हिशोबात धरा. पाणी वाचतं आणि टँकमध्ये गाळ पण कमी जातो.

निवळी_लॅब

मी नाशिकला मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे, पाण्याचे सॅम्पल रोज येतात म्हणून लिहिते.

आधी पीएचचा गैरसमज काढू. आपल्या काँक्रीटच्या कोडमध्ये, आयएस ४५६ : २००० च्या ५.४ कलमात, पीएच ६ पेक्षा कमी नको एवढंच म्हटलंय, वरची मर्यादाच दिलेली नाही. त्यामुळे "पीएच १२ म्हणून फेल" हे वाक्य कोडमध्ये कुठेच नाही. पण लगेच खूश होऊ नका, कारण तिथेच दुसरी एक टेस्ट आहे जी कुणी वाचत नाही. १०० मिली पाणी घ्यायचं, मिक्स्ड इंडिकेटर (रंग बदलणारं द्रावण) टाकायचा आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिडने न्यूट्रल करायचं, २५ मिलीच्या वर ॲसिड लागायला नको. हीच अल्कलिनिटी. आता तुमचं तिसऱ्या कप्प्यातलं पाणी म्हणजे शाळेत करायचो ती चुन्याची निवळीच आहे. चुना पाण्यात लिटरला साधारण १.७ ग्रॅम विरघळतो, त्याहून जास्त नाही. हिशोब केला तर अशा १०० मिली निवळीला सुमारे २३० मिली ॲसिड लागेल. म्हणजे मर्यादेच्या नऊ पट. तुमचं पाणी पीएचवर पास आणि अल्कलिनिटीवर सपाटून नापास.

बाकी आकडे पण लिहून ठेवते, साइटवर लोक अर्धवट सांगतात. सेंद्रिय २००, असेंद्रिय ३०००, सल्फेट एसओ३ म्हणून ४००, क्लोराइड आरसीसीला ५०० आणि सळई नसलेल्या काँक्रीटला २०००, सस्पेंडेड मॅटर २०००, सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. सस्पेंडेडचा आकडा नीट बघा. लिटरला दोन ग्रॅम म्हणजे १७० लिटर पाण्यात जेमतेम एक मूठ गाळ. ढवळलेली स्लरी या आकड्याच्या जवळपास पण येत नाही, त्यामुळे स्लरी सरळ आरसीसीत टाकणं आपल्या कोडच्या तक्त्यात बसत नाही हे जुना_बॅचर दादांनी मान्य करावं 🙂

आता वाट कशी काढायची. नितळ पाणी नऊ-दहा पट साध्या पाण्यात मिसळलं तर टायट्रेशन (ती ॲसिडची टेस्ट) पंचवीसच्या आत येऊ शकतं. पण तुमचं साधं पाणी म्हणजे काय? बोअर असेल तर त्याची स्वतःची अल्कलिनिटी तपासा. आपल्या काळ्या कातळातल्या खोल बोअरचं पाणी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात २०० ते ३०० सहज दाखवतं आणि कोडची ती २५ मिलीची मर्यादा म्हणजे २५० च होते. कित्येक प्लांटचं बोअरचं पाणीच नापास असतं आणि सगळा संशय धुण्याच्या पाण्यावर. गंमत म्हणजे बोअरच्या बायकार्बोनेटवाल्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की दोघांची आपसात रिॲक्शन होऊन खडूसारखा पांढरा साका खाली बसतो आणि अल्कलिनिटी दोन्हीची कमी होते. पाणी मऊ करायला चुना घालतात ते हेच. पण त्याला वेगळी टाकी आणि बसायला वेळ पाहिजे, बॅचिंगच्या लाइनमध्ये हे करू नका.

साइट_सुपरवायझर_९६

एवढी डोकेफोड कशाला ताई, टाकीत थोडं ॲसिड ओतलं की पीएच खाली. आमच्या इथे एका प्लांटवर बाथरूम धुवायचं ॲसिड आणून टाकायचे, पट्टी ७ दाखवायची, सगळे खूश.

निवळी_लॅब

अहो नका करू प्लीज. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. पूर्ण चुना मारायला जेवढं लागेल तेवढं टाकलंत तर लिटरला १६०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड त्या पाण्यात शिरतं, आरसीसीची मर्यादा ५००. सळई गंजवायची उत्तम सोय झाली. सल्फ्युरिक टाकलं तर सल्फेट ४०० च्या कुठल्या कुठे जातं, थोडा जिप्सम खाली बसला तरी. पट्टीवर ७ आलं म्हणजे पाणी सुधारलं असं नाही, एक आकडा झाकून दुसरा बिघडवलात. त्यात सिमेंटची पूड खाली शिल्लक असेल तर ती परत चुना सोडते आणि दोन दिवसांत पीएच पुन्हा १२.

न्यूट्रल करायचंच असेल तर कार्बन डायऑक्साइड सोडतात पाण्यात, चुन्याचा कार्बोनेट होऊन बसतो, क्लोराइड नाही सल्फेट नाही. तुमच्या टाकीवर जी पांढरी साय येते ना ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने फुकटात केलेली हीच रिॲक्शन. बाहेर कॅनडाची कार्बनक्युअर कंपनी स्लरीतच हा वायू सोडायची सिस्टीम विकते. छोट्या प्लांटला सिलेंडरचा खर्च परवडेल का हे मालकाने बघावं.

आणि ॲसिड असो नसो, ते पाणी हाताळणाऱ्या पोरांना हातमोजे आणि गमबूट द्या हो. चपलांवर टँक साफ करायला उतरवतात, पायाची कातडी सोलून निघते. सिमेंटमधल्या क्रोमियमने काहींना कायमची खरूज लागल्यासारखं होतं, नंतर सिमेंटला हात लावला की अंगावर उठतं.

स्टुटगार्टकर

मी मूळचा साताऱ्याचा, इकडे जर्मनीत काँक्रीट प्लांटवर आहे. इथे याला रेस्टवासर म्हणतात आणि ते लपवायची भानगड नाही कारण स्टँडर्डमध्येच त्याची सोय आहे. युरोपच्या ईएन १००८ ला काँक्रीट उद्योगातून परत मिळवलेल्या पाण्यासाठी वेगळं परिशिष्टच आहे. त्यात आपल्यासारखा सस्पेंडेडचा कडक आकडा नाही, वेगळी पद्धत आहे. स्लरीतून मालात जाणारा जादा घन पदार्थ एकूण खडी-वाळूच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आत राहिला पाहिजे. आणि ते मोजायचं घनतेवरून.

आकड्यात सांगतो. स्लरीची घनता १.०३ आली तर लिटरला साधारण ५७ ग्रॅम घन पदार्थ धरतात. एका क्यूबिकला (घनमीटर मालाला) १७० लिटर पूर्ण स्लरीच घातली समजा, तर पावणेदहा किलो झाला. तुमची खडी-वाळू मिळून १८५० किलो असेल तर १ टक्का म्हणजे साडेअठरा किलो, आत आहात. घनता १.०६ झाली की साडेएकोणीस किलो, बाहेर गेलात. म्हणून इथे स्लरीची टाकी सतत ढवळती ठेवतात, घनता रोज आणि ती बदलली की पुन्हा मोजतात, आणि तो आकडा बॅचिंगच्या कॉम्प्युटरला जातो, तो स्वतःच पाणी आणि घन पदार्थ वेगळे धरून करेक्शन मारतो. अमेरिकेच्या एएसटीएम सी १६०२ मध्ये ५०,००० पीपीएम एकूण घन पदार्थ अशी ऐच्छिक मर्यादा आहे, ती पण साधारण १.०३ घनतेच्या आसपास येते.

पण इथेही सगळीकडे चालत नाही. हाय स्ट्रेंग्थला, म्हणजे सी ५०/६० या ग्रेडच्या वरच्या काँक्रीटला, रेस्टवासर नाही.

आणि ढवळणी बंद पडली तर काय होतं ते विचारू नका. एकदा लाइट जाऊन शनिवार-रविवार टाकी शांत राहिली, सोमवारी तळाशी दगड, ब्रेकर लावून फोडावा लागला. तुमच्याकडे लोडशेडिंग असेल तर ढवळणीला जनरेटरवर जोडा आधी, बाकी सगळं नंतर.

स्ट्रक्चरवाला_पुणे

कन्सल्टंटच्या बाजूने बोलतो. ईएन आणि एएसटीएमचे आकडे चांगले आहेत पण माझ्या ड्रॉइंगवर आयएस ४५६ लिहिलेलं असतं, त्यामुळे मी तोच लावणार. स्लरी आरसीसीत चालेल असं मी सही करून देणार नाही, नितळ पाणी मिसळून देत असाल तर विचार करेन. कोडमध्येच दार ठेवलंय त्याला, पाण्याबद्दल शंका असेल तर क्यूब आणि सेटिंग टाइमच्या टेस्टने ठरवा. कमीत कमी तीन १५० मिमीचे क्यूब तुमच्या प्रस्तावित पाण्याचे, त्यांची २८ दिवसांची सरासरी डिस्टिल्ड वॉटरच्या क्यूबच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी नको. इनिशियल सेटिंग ३० मिनिटांच्या आत नको आणि डिस्टिल्डवाल्यापेक्षा ३० मिनिटांहून जास्त इकडेतिकडे नको.

खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही लोक ही टेस्ट एकदा करता, बाटलीत सगळ्यात नितळ पाणी भरून लॅबला पाठवता, रिपोर्ट फाइलला लावता आणि वर्षभर त्या रिपोर्टवर वाट्टेल ते पाणी ढकलता. ज्या दिवशी चार गाड्या रिजेक्ट होऊन टँकमध्ये रिकाम्या झाल्या त्या दिवशीचं पाणी आणि रविवारी शांत बसलेलं पाणी एकच आहे का? मला रिपोर्ट दाखवू नका, रोजचं रजिस्टर दाखवा. कुठल्या दिवशी किती टक्के घातलं, घनता किती होती, ॲडमिक्श्चरचा (मालात घालायच्या केमिकलचा) डोस किती लागला. ते दिसलं तर मी हो म्हणायला तयार आहे. आणि आधीच सांगा, मागून कळलं तर मात्र माल परत जाईल, मग तो कितीही चांगला असो.

पोस्ट टेन्शनच्या (आत ताणलेल्या तारा असलेल्या) स्लॅबला विचारू पण नका.

जुना_बॅचर

साहेब रजिस्टरचं बोललात ते खरंय. पण क्लायंटला आधीच सांगा म्हणणं सोपं आहे, पहिलं वाक्य ऐकूनच पर्चेसवाला दुसऱ्या प्लांटला फोन लावतो, आणि तो दुसरा प्लांट पण तेच पाणी वापरत असतो, न सांगता.

ताईंचं पण मान्य, स्लरी आरसीसीत नको. पण मग गाळाचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. माझ्या मते स्लरी पीसीसी (साधं काँक्रीट), पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, प्लांटच्याच यार्डाचं काँक्रीट यात घालवा, तिथे सळई नाही. पण तिथेही क्यूब काढा, सळई नाही म्हणून काहीही चालतं असं नाही, पेव्हर झिजला की लोक येतातच. वाळू-खडी वेगळी काढायला रिक्लेमर मशीन मिळतं, पण बारा गाड्यांच्या प्लांटला मालक घेईल असं वाटत नाही. त्याच्या आतल्या पट्ट्या पण झिजतात, मेंटेनन्सला माणूस लागतो.

ॲडमिक्श्चरवाल्या कंपनीकडे हायड्रेशन थांबवणारं केमिकल असतं, साधारण ग्लुकोनेटच्या जातीचं. रात्री ड्रममध्ये उरलेल्या मालाला थोड्या पाण्यात ते मारलं की सकाळपर्यंत सिमेंट झोपून राहतं, धुवायचीच गरज कमी. डोस चुकला तर सकाळचा पहिला लोड दुपारपर्यंत सेट होत नाही हे लक्षात ठेवा, ट्रायल घेतल्याशिवाय नको.

चाकण_क्यूसी

सगळ्यांचे आभार, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं. ताई तुमचं वाचून बोअरचं सॅम्पल लॅबला पाठवलं. टायट्रेशनला ३१ मिली आलं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे "चांगलं पाणी" म्हणून घालत होतो तेच पंचवीसच्या बाहेर 🙈 मॅनेजरला दाखवलं तर म्हणतो हा रिपोर्ट कुणाला दाखवू नको.

मालकांशी बोललो. सध्या ठरलंय असं. नाल्याचं तोंड बंद करायचं, ते तर करावंच लागणार कारण नाल्यात सोडायला पीएच ५.५ ते ९ आणि सस्पेंडेड १०० च्या आत लागतो, आम्ही कुठेच नाही त्यात. तिसऱ्या कप्प्यातून वेगळा पंप टाकून नितळ पाणी बॅचिंगच्या टाकीत एक दशांशापेक्षा जास्त जाणार नाही असा वॉल्व्ह लावायचा, त्या मिसळलेल्या पाण्याचे क्यूब डिस्टिल्डबरोबर भरायचे, सेटिंग टाइम पण काढायचा, आणि २८ दिवसांचे क्यूब फुटल्यावरच आरसीसीत. तोपर्यंत फक्त पीसीसी. बोअरचं पाणी टँकरच्या पाण्यात मिसळून घ्यायचं म्हणतोय, पण टँकरचं पाणी पण बोअरचंच असतं इकडे, तर ते पण तपासावं लागेल.

ताई, ती बोअर आणि निवळी मिसळून साका बसवायची आयडिया करून बघायची आहे. आमच्याकडे जुनी वीस हजार लिटरची टाकी पडून आहे. किती तास बसू द्यायचं आणि प्रमाण कसं काढायचं?

निवळी_लॅब

प्रमाण पुस्तकातून काढू नका, बादलीत काढा. बोअरचं पाणी सारखं भरलेल्या सहा-सात बरण्या घ्या, प्रत्येकीत निवळी वाढत्या मापाने घाला, ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी गाळून टायट्रेशन करा. आकडा आधी उतरत जाईल आणि एका बरणीनंतर परत चढायला लागेल, कारण आता चुना उरतोय. सगळ्यात खालचा आकडा जिथे आला ते तुमचं प्रमाण. ३१ मिली म्हणजे तुमची अल्कलिनिटी साधारण ३१० आहे, ती सगळी बायकार्बोनेट असेल तर बोअरच्या सात-आठ भागाला निवळीचा एक भाग असं कुठेतरी यावं. टाकीत एक रात्र पुरते, पण काढताना वरून काढा, तळाला पाइप नको. आणि महिन्या-दोन महिन्यांनी बरण्या परत लावा, पावसाळ्यात बोअरचं पाणी बदलतं.

चाकण_क्यूसी

सात-आठाला एक म्हणजे आमचं बरंच नितळ पाणी खपतंय की यात! बरण्या आजच लावतो. हायड्रोमीटर पण मागवलाय, पहिल्या कप्प्यातली स्लरी पेव्हरला देताना घनता मोजायला.

जुना_बॅचर

एक मागवू नकोस, दोन मागव. काचेचा असतो आणि प्लांटच्या लॅबमध्ये कॅपिंगच्या ट्रेशेजारी ठेवलेला हायड्रोमीटर महिना काढत नाही. आणि बॅचरला शिकव मोजायला, तू सुट्टीवर गेलास की रजिस्टरमध्ये कालचाच आकडा उतरवतील.